वरचे सूर धाकटीकडे

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी गाणाऱ्यांचे गळे आतून पुष्कळ पाहिले होते, पण त्यातल्या एकाचंही गाणं समोर बसून ऐकलं नव्हतं. दिवसभर दवाखान्यात खोकले, खाकरे आणि बसलेले आवाज ऐकून संध्याकाळी त्यांना कानाला विश्रांती हवी असायची. त्यामुळे त्या शनिवारी दुपारीच दवाखाना बंद करून त्या घरी आल्या आणि यजमानांना म्हणाल्या, की आपल्याला संध्याकाळी कर्नाटक संगीताच्या मैफलीला जायचंय, तेव्हा यजमानांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. यजमान लिफ्टच्या दुरुस्तीची कामं घेत. गाण्यातलं त्यांना एवढंच कळायचं की ते कधी संपलं. तरी बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

खरं कारण सकाळचं होतं, आणि ते यजमानांना सांगायची सोय नव्हती. पेशंटची गोष्ट डॉक्टरीणबाई घरच्या उंबऱ्याच्या आत आणत नसत.

सकाळी दवाखान्यात दोघी बहिणी आल्या होत्या. थोरली बुटकी, किडकिडीत, चाळिशी ओलांडलेली. गळ्याभोवती मफलर गच्च गुंडाळलेला. धाकटी तिच्यापेक्षा हातभर उंच आणि चांगली आडव्या बांध्याची. थोरली तिला ‘चिमणे’ म्हणून हाक मारायची, आणि ते ऐकून बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी एकाला हसू आवरेना. दोघींच्या त्या संध्याकाळच्या मैफलीची पोस्टरं गल्लीच्या तोंडाशीच लागली होती, त्यामुळे कोण आलंय हे सगळ्यांना कळलं होतं.

प्रवासात थोरलीला सर्दी झाली होती, त्यात तालमी चालूच राहिल्या, आणि त्या दिवशी उठल्यावर वरचा एकही सूर लागेना. डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही स्वरतंतू सुजून लाल झाले होते. त्यांनी दुर्बिणीचा पडदा बहिणींकडे वळवला, बोट ठेवून दाखवलं, आणि स्वच्छ सांगितलं की आठवडाभर मौन, आणि आजचा कार्यक्रम रद्द. अशा तंतूंवर जोर दिला आणि रक्त उतरलं, तर पुढे आवाज पूर्वीसारखा होईलच अशी हमी मी काय, कोणीही देणार नाही.

थोरलीनं मान हलवली. नाही म्हणून.

मग धाकटी बोलली. ह्या गावात त्या पहिल्यांदाच गाणार होत्या. बोलावणारी मंडळी म्हणजे कोणी मोठी संस्था नव्हती. गाण्याची आवड असलेली पाच-सात घरं होती आणि ती कित्येक वर्षं मागे लागली होती. लांबलांबून लोक यायला निघालेसुद्धा होते. हे सगळं धाकटी सांगत होती, पण सांगताना तिची नजर पडद्यावरच्या त्या लाल तंतूंवर होती, आणि बोलता बोलता तिचाच आवाज खाली खाली गेला.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली आणि थोरलीला अगदी हळू एकेक सूर लावायला सांगितलं. खालचे आणि मधले सूर लावताना तंतू जेमतेम का होईना, जुळत होते. वर जायला लागली की मधे फट पडायची आणि नुसती हवा निघायची.

“किती उरलंय?” थोरलीनं विचारलं. आत आल्यापासून तिनं स्वतःहून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

“मधलं आहे. वरचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणि मधलंही मोकळं सोडून नाही, हात आखडूनच.”

“मग वरचं ही घेईल.”

“मी?” धाकटी खुर्चीत सरळ झाली. “ताई, वरचं तुझं असतं.”

लहानपणी ज्यांनी शिकवलं त्यांनीच ती वाटणी करून दिली होती. थोरलीचा आवाज बारीक आणि वर चढणारा, तो वर. धाकटीचा भरदार आणि खाली रमणारा, तो खाली. तेव्हापासून व्यासपीठावर धाकटीनं ती रेघ कधी ओलांडली नव्हती. लोक यायचे तेही थोरलीच्या वरच्या सुरांसाठी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की पट्टीच थोडी उतरवून गायलात तर? धाकटी म्हणाली, व्हायोलिन उतरवता येईल, पण मृदंग आमच्या पट्टीलाच बांधलेला असतो आणि वादकानं बरोबर तो एकच आणलाय.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोन अटी घातल्या. मैफलीपर्यंत थोरलीनं तोंडातून ब्र काढायचा नाही. आणि गाताना कुठे दुखलं, खरखर झाली, तर तिथल्या तिथे थांबायचं. थोरलीनं दोन्ही कबूल केल्या, इतक्या चटकन की धाकटीचा त्यावर विश्वास बसला नाही. थोरली मफलर नीट करत बाहेर गेल्यावर ती मागे थांबली आणि तिनं दोन पास टेबलावर ठेवले.

“तुम्ही समोर येऊन बसा,” ती म्हणाली. “ही माझं ऐकायची नाही. एकदा गायला लागली की हिला स्वतःचंही ऐकू येत नाही. तुम्हाला खरखर ऐकू आली तर नुसता हात वर करा. तुम्ही दिसलात तर ती हद्दीत राहील.”

तेव्हा डॉक्टरीणबाई त्या संध्याकाळी गाणं ऐकायला नव्हे, पहाऱ्याला गेल्या होत्या.

सभागृह एका शाळेचं होतं. घडीच्या खुर्च्या, उठलं की आपटणाऱ्या. व्यासपीठाच्या कडेला नाटकाच्या पडद्याचा गोळा करून ठेवलेला. जागा संपल्यावर लोक भिंतींना टेकून उभे राहिले. डॉक्टरीणबाईंच्या डाव्या हाताला यजमान, आणि उजवीकडे एक निवृत्त गणिताचे मास्तर. मास्तरांना ह्या गाण्याचं वेड होतं आणि शेजारच्याला काही कळत नाही हे त्यांनी बसल्या बसल्या ओळखलं. विचारायच्या आधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली, की हाताची टाळी आणि बोटं घेऊन मांडीवर ताल कसा मोजायचा, आणि थोरली वर गेली की काय होतं ते तुम्ही बघाच. डॉक्टरीणबाई हो हो म्हणाल्या.

दोघी येऊन बसल्या. एका बाजूला व्हायोलिनवाल्या बाई, दुसऱ्या बाजूला मृदंगवादक, मागे तंबोरा. थोरलीच्या गळ्यात आता मफलर नव्हता. तिनं पहिल्या रांगेत डॉक्टरीणबाईंना शोधलं आणि किंचित मान लववली. मास्तरांना ती आपल्यालाच वाटली. त्यांनी दोन्ही हात जोडले.

पहिली रचना छोटी होती. भाषा डॉक्टरीणबाईंना कळत नव्हती, पण त्या शब्द ऐकतच नव्हत्या. त्या तंतू ऐकत होत्या. थोरलीचा आवाज त्यांना जवळजवळ दिसत होता: इथे जुळले, इथे जरा हवा सुटली, इथे सांभाळलं. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ही बाई सकाळी पडद्यावर पाहिलेलं चित्र तंतोतंत ध्यानात ठेवून गातेय. जिथे तंतू जुळत होते तेवढ्याच जागेत ती फिरत होती. पण त्या एवढ्याशा जागेत ती काय काय करत होती! एकाच सुराला कधी खालून हात लावायचा, कधी तो हलवून सोडायचा, कधी मधेच थांबून मृदंगाला पुढे जाऊ द्यायचं आणि मग सहज त्याच्या शेजारी येऊन उभं राहायचं. आवाज इतका हळू की मागच्या रांगांतले लोक पुढे झुकले. खुर्च्यांची करकर थांबली.

“थोरली आज हात राखून गातेय,” मास्तर कुजबुजले. त्यांचा चेहरा पडला होता.

डॉक्टरीणबाईंना कारण ठाऊक होतं, पण पेशंटची गोष्ट इथेही काढायची नव्हती.

धाकटी मात्र अवघडली होती. वरची जागा आली की ती जायची, पण पायरीवर पाय ठेवून लगेच काढून घ्यावा तशी. सूर लागत होता, खोटा नव्हता. फक्त त्यावर ती थांबत नव्हती. प्रत्येक वेळी ती आधी थोरलीकडे बघायची. थोरली समोर बघत हातानं ताल देत राहायची. जणू म्हणत होती, माझ्याकडे काय बघतेस, तिकडे बघ.

दुसऱ्या रचनेच्या आधी आलाप होता. थोरलीनं तो मांडला, बराच वेळ मधल्या सुरांत खेळवला आणि मग सवयीनं वर निघाली. डॉक्टरीणबाईंनी ते आधी ऐकलं. आवाजाच्या कडेला कापड फाटताना येतो तसा बारीक चरचर आवाज. इतर कोणाला तो ऐकू आला असेल असं वाटत नाही. त्यांचा हात आपोआप वर गेला.

थोरलीनं पाहिलं. सुराच्या मधोमध, श्वासही न तोडता, तिनं तोंड मिटलं आणि डावा हात धाकटीच्या गुडघ्यावर ठेवला. आणि धाकटीनं तो सूर उचलला. थोरलीनं सोडलेला आणि तिनं धरलेला, ह्यात केसाचंही अंतर राहिलं नाही. फक्त रंग बदलला. बारीक, लखलखीत आवाजाच्या जागी एक रुंद, उबदार आवाज आला आणि तोच चढ चढत गेला. ताईकडे वळून बघायलाही तिला सवड मिळाली नव्हती, आणि कदाचित म्हणूनच ह्या वेळी ती वर पोचल्यावर थांबली.

मास्तरांनी मांडीवर थाप मारली. मग डॉक्टरीणबाईंचा वर राहिलेला हात बघून खुशीत म्हणाले, “बघा, आपोआप दाद जाते!”

यजमान मात्र बायकोकडे बघत होते. इतक्या वर्षांच्या संसारात तिला असा हात वर करून बसलेली त्यांनी पाहिली नव्हती.

त्यानंतर धाकटी बदलली. एकदम नाही, पण तिचे खांदे खाली आले. व्हायोलिनवाल्या बाई तिच्या मागोमाग वर गेल्या की ती त्यांच्याकडे वळून हसायची. दोघी बहिणी आता खरंच वाटून घेत होत्या. थोरली एक ओळ अर्धी टाकायची, धाकटी ती पुरी करायची. धाकटी पुरी करताना काहीतरी नवीनच करून ठेवायची, आणि थोरली भुवया उंचावून ते तसंच्या तसं खालच्या सप्तकात परत द्यायची. एकदा ते देताना तिला हसू आलं आणि हसण्यातही ताल चुकला नाही. डॉक्टरीणबाई पहारा विसरल्या. निदान काही काळ तरी.

मृदंगाचं एकट्याचं वाजवणं झालं, टाळ्या झाल्या, आणि आता शेवटचं एखादं छोटं गाणं होऊन सुटणार, असं डॉक्टरीणबाईंना वाटलं. तेवढ्यात शेजारचे मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडून एका रचनेचं नाव घेतलं. मागून दहा-बारा जणांनी लगेच तीच मागणी केली.

धाकटीचा चेहरा उतरला. मास्तर खाली बसता बसता आनंदानं सांगू लागले, की ह्या रचनेत एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी वाढवून, थोडी वर नेऊन, आणि शेवटी थोरली अशा ठिकाणी जाऊन उभी राहते की माणसानं आयुष्यात एकदा ऐकावं. डॉक्टरीणबाईंना त्यांचं तोंड हातानं बंद करावंसं वाटलं.

व्यासपीठावर धाकटी थोरलीच्या कानाशी वाकली आणि काहीतरी म्हणाली; नको, असंच असणार. थोरलीनं तिचं पुरतं ऐकून घेतलं. मग तंबोऱ्याकडे वळून सूर नीट आहे ना ते पाहिलं, आणि ती रचना सुरू केली.

पहिल्यांदा ओळ तिनं साधी म्हटली. दुसऱ्यांदा शेवटच्या शब्दाला एक वळण दिलं. तिसऱ्यांदा मधे एक हेलकावा घातला. ओळ तीच, पण दर वेळी घरातली आणखी एक खोली उघडावी तशी. मग तिनं मांडीवरचा ताल तसाच चालू ठेवून मान धाकटीकडे वळवली आणि गप्प बसली.

धाकटीनं ओळ घेतली. एक पायरी वर. मग पुन्हा, आणखी वर. व्हायोलिन तिच्या मागे सावलीसारखं. वरचा षड्ज लागला तेव्हा कोणीतरी दाद दिली आणि लगेच गप्प झालं, कारण ती तिथे थांबली नव्हती. ती त्याच्याही वर निघाली होती. थोरलीचा त्या जागेचा आवाज विजेच्या तारेसारखा असायचा म्हणे. धाकटीचा तसा नव्हता. त्याला वजन होतं. एवढं वजन एवढ्या उंचावर कसं न्यायचं हे डॉक्टरीणबाईंना शरीरशास्त्रानं कळत होतं, तरी अंगावर काटा आला. धाकटीचे डोळे मिटलेले होते. तिनं शेवटचा सूर लावला आणि तो धरून ठेवला, आणि त्या सभागृहात भिंतीला टेकून उभी असलेली माणसंसुद्धा भिंतीपासून सुटून सरळ झाली.

मग तो सूर लांबत गेला. जरा जास्तच. डॉक्टरीणबाईंना कळलं की काहीतरी अडलंय. धाकटीचा श्वास संपत आला होता आणि ती उतरत नव्हती. तिला उतरता येत नव्हतं. आवाजात पहिली थरथर आली.

तेव्हा थोरली गायली. अगदी हळू, तिच्या वाट्याला उरलेल्या त्या मधल्या जागेतून, तिनं तीच ओळ खालून धरली. धाकटीनं डोळे उघडले. थोरलीचा सूर पायाखाली आल्यावर ती एकेक सूर करत त्याच्याकडे उतरली, आणि दोघी एका सुरावर भेटल्या. डॉक्टरीणबाईंचा हात मांडीवरून अर्धा उचलला गेला होता. खरखर नव्हती. त्यांनी कान देऊन ऐकलं, पुन्हा ऐकलं, नव्हती. त्यांनी हात खाली घेतला आणि त्याच हातानं डोळे पुसले.

टाळ्या थांबल्यावर यजमान हळूच म्हणाले, “त्या थोरल्या बाईंनी तिला खाली आणलं ना?”

“हो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मला वाटलंच.”

मास्तर म्हणाले की त्यांनी ही रचना थोरलीकडून तीन गावांत ऐकली होती, आणि आज ते तिच्याचसाठी आले होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

मागच्या खोलीत डॉक्टरीणबाई एकट्याच गेल्या. ती शाळेच्या चित्रकलेची खोली होती. दोऱ्यांवर मुलांचे रंगवलेले कागद वाळत टाकलेले. थोरली एका छोट्या बाकावर बसली होती. डॉक्टरीणबाईंना बघताच शहाण्या मुलासारखं तिनं आपणहून तोंड उघडलं. बॅटरीनं घसाच तेवढा दिसला; तंतूंचं खरं दुर्बिणीतच कळणार होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला सोमवारी यायला सांगितलं आणि तोपर्यंत एक शब्दही नाही म्हणून बजावलं.

धाकटी पाण्याची बाटली हातात घेऊन उभीच होती.

“वर जायचं मला येत होतं,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “घरी कधीतरी गायचे, ताई बाहेर गेली की. दार लावून. पण खाली कसं यायचं ते लोकांसमोर सुचलंच नाही.”

थोरलीनं बोटानं टिचकी वाजवून तिचं लक्ष वेधलं. मग तिनं आपल्या कानाला बोट लावलं, आणि मागच्या भिंतीवर टकटक केली.

धाकटीला कळायला थोडा वेळ लागला. “तू घरी असायचीस?” तिनं विचारलं. “ऐकायचीस?”

थोरलीनं मान हलवली. हो म्हणून. आणि हात हवेत लांबवर फिरवला: खूप दिवसांपासून.

“मग बोलली का नाहीस?”

थोरलीनं तिचा हात ओढून तिला बाकावर शेजारी बसवलं. बाक इतका लहान होता की धाकटी अर्धी बाहेरच राहिली. डॉक्टरीणबाई दार ओढून घेऊन निघून आल्या.

सोमवारी दुर्बिणीत सूज थोडी उतरलेली दिसली. पुढचे दोन कार्यक्रम बहिणींनी रद्द केले आणि ह्या वेळी थोरलीनं नकाराची मान हलवली नाही. मौन तिनं पाळलं. धाकटीच्या म्हणण्याप्रमाणे घरात आयुष्यात एवढी शांतता कधीच नव्हती आणि ती भलतीच त्रासदायक होती. महिन्याभरानं त्या मुद्दाम तपासणीसाठी पुन्हा गावात आल्या तेव्हा तंतू स्वच्छ पांढरे होते, मिटताना कडेला कड लागत होती. थोरलीनं वरचा षड्ज लावून दाखवला. बाहेर बसलेल्या पेशंटांचं बोलणं थांबलं.

“आता वरचं सगळं तुमचं तुम्हाला परत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

थोरली मफलर गुंडाळत होती. “सगळं नको,” ती म्हणाली. “ती मोठी रचना आता हिची. मी खाली थांबते.”

धाकटी लगेच म्हणाली, की एक वेळ मी, एक वेळ तू. थोरली म्हणाली, की ही काय खो-खोची पाळी आहे का? जिन्यावरून उतरताना त्यांचं तेच चाललं होतं, आणि मधेच कुठेतरी भांडण सोडून त्या एकमेकींना ती ओळ गुणगुणून दाखवायला लागल्या, ती अशी घ्यायची की तशी. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारायला जरा उशीर केला.